टाकलेल्या मुक्या जिवांना वाली कोण?

रस्त्यावरील कुत्र्यांच्या प्रश्नाने २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापासून चाळीच्या गॅलरीपर्यंत सर्वांस बोलते केले. ११ ऑगस्ट रोजी न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्ट रोजी, त्रिसदस्य पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळून बाकीची निर्बीजीकरण व लसीकरणानंतर जेथून उचलली तेथेच सोडावीत असे ठरविले. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री मात्र परत तेथे न सोडता निवाऱ्यांत न्यावीत असा आणखी एक आदेश निघाला. या आदेशांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले, मोर्चे निघाले, शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे झाली. परंतु या साऱ्या गदारोळात एका प्राण्याची आठवण फारच थोड्यांना झाली. तो रस्त्यावर जन्मलेला नाही. त्याला कालपरवापर्यंत घर होते, नाव होते, निजावयास ठरलेला कोपरा होता. आज त्याच्या धन्याने त्याला टाकले आहे, एवढाच त्याचा अपराध.

या प्राण्याची अडचण मुळातच निराळी आहे. रस्त्यावरील कुत्र्यालाही एक पत्ता असतो. अमक्या गल्लीचे तोंड आणि तमक्या पानवाल्याची फळी हे त्याचे राज्य. तेथली माणसे त्यास ओळखतात आणि तोही त्यांस ओळखतो. ‘जेथले तेथेच सोडावे’ हे निर्बीजीकरणाच्या योजनेचे मूळ सूत्र याच वस्तुस्थितीवर उभे आहे. २००१ च्या नियमांत ते होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही ते कायम आहे. या नव्या नियमांनी प्राण्यांचे दोन वर्ग केले: पाळीव प्राण्याची लस व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी, आणि रस्त्यावरील प्राण्यांची ती स्थानिक संस्थेची. घरातून हाकललेले जनावर या दोन वर्गांमधल्या फटीत पडते. धनी त्यास आपले म्हणत नाही, आणि रस्ता तर त्याचा कधीच नव्हता. त्याला त्याच्या जागी परत सोडावयाचे तर ती जागा कोणती? ज्या पुलाखाली धन्याने रात्री गाडीचे दार उघडून त्यास उतरविले, ती?

‘मोकळे सोडले की कोठेही जगेल’ अशी अनेकांची समजूत असते. निदान स्वतःची तशी समजूत ते घालून घेतात. मांजर मासळीबाजारात नेऊन सोडले म्हणजे त्याच्या पोटाची कायमची सोय झाली, असेही मानले जाते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. जन्मापासून ताटलीतले अन्न खाल्लेल्या जनावरास उकिरड्यावर पोट भरता येत नाही. साखळीच्या आधारानेच रस्ता ओलांडलेल्यास धावत्या मोटारीचा अंदाज येत नाही. गल्लीतली कुत्री आपल्या हद्दीत परक्यास थारा देत नाहीत. थंड मुलुखासाठी अंगावर दाट लोकर घेऊन जन्मलेला हस्की मुंबईच्या उकाड्यात धापा टाकीत सावली शोधतो. चपट्या नाकाच्या पगला उन्हात श्वास घेणेच कठीण जाते. पर्शियन मांजरीचे लांब केस कोणी नित्य विंचरले नाहीत तर थोड्याच आठवड्यांत त्यांच्या गाठी बनतात, कातडी ओढली जाते आणि खाली जखमा होतात. ज्या रूपासाठी या प्राण्यांना मोठी किंमत मोजून घरी आणले, तेच रूप उघड्यावर त्यांच्या जिवावर उठते.

असे करणे हा गुन्हा आहे काय? आहे, आणि आजचा नव्हे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला त्यातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा उभा राहिला. उपासमारीने वा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत सबळ कारणावाचून त्यास टाकून देणे, ही त्या कायद्याने क्रूरताच ठरविली आहे. शिक्षा मात्र पाहावी. पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना काही वजन होते. आज कुत्र्याला टॅक्सीत घालून दूरच्या पुलाखाली सोडून यावयाचे तर भाड्यालाही तेवढे पुरणार नाहीत. दंड वाढविला पाहिजे यात शंका नाही. परंतु तो शंभरपटीने वाढविला तरी घ्यावयाचा कोणाकडून? टाकलेल्या जनावराच्या गळ्यात धन्याचे नाव नसते. पट्टा काढून ठेवण्याची खबरदारी बहुतेक धनी घेतात.

टाकणाऱ्या सर्वांना एकाच मापाने मोजणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यांत आम्हांस तीन प्रकार दिसतात. पहिला हौशी लोकांचा. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू येते; सहा महिन्यांत ते वाढते, भुंकते, सोफा फाडते, आणि मुलांची हौसही तोपर्यंत फिटलेली असते. दुसरा प्रकार अगतिकांचा. एकट्या वृद्धाचा मृत्यू होतो आणि परदेशातील मुलांना त्याच्या कुत्र्याचे काय करावे हे कळत नाही, नोकरी जाते, भाड्याचे घर बदलते आणि नवा घरमालक जनावर नको म्हणतो, घरातील कोणास दम्याचा विकार जडतो. तिसरा प्रकार धंदेवाइकांचा, आणि तो सर्वांत निर्घृण. पिल्लांसाठी पिंजऱ्यात ठेवलेली मादी विण्याच्या कामातून गेली की तिच्या खाण्यावरचा खर्च वाचविण्यासाठी तिला हाकलून दिले जाते. पहिल्यास समज हवी, दुसऱ्यास मदत हवी, तिसऱ्यास शासन हवे. आज तिघांच्याही वाट्यास एकच गोष्ट येते, ती म्हणजे रात्रीचा अंधार. आणि परिणामी तिघेही एकच गोष्ट करतात.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नव्हता, याचे कारण ते आपल्याहून दयाळू होते असे नव्हे. गावातले कुत्रे सगळ्या आळीचे असे. उरलेला भाकरीचा तुकडा या दारी नाही तर त्या दारी मिळे. एका घराने दार लावले तरी दुसऱ्याची ओसरी उघडी असे. मांजर धान्याच्या कणगीची राखण करी आणि कोणाच्याही चुलीशी निजे. या प्राण्यांची खरेदी नव्हती, म्हणून त्यांना टाकणेही नव्हते. शहरी सदनिकेने हे नाते पार बदलले. बंद दाराआड वाढणारा प्राणी एकाच कुटुंबावर सर्वस्वी अवलंबून असतो. पूर्वी आळीने मिळून उचललेला भार आता एकाच घराने, तोही दहा-बारा किंवा पंधरा वर्षे, उचलावयाचा असतो. हा भार विकत घेताना कोणी मोजत नाही, आणि विकणारा तर तो मोजूनही दाखवीत नाही.

मुंबईला या बाबतीत एक इतिहास आहे, आणि तो अभिमानाचा आहे. भटकी कुत्री मारणाऱ्यास बक्षीस देण्याच्या इंग्रज सरकारच्या धोरणाविरुद्ध जून १८३२ मध्ये या शहरात दंगल उसळली. कुत्र्यास पवित्र मानणारे पारशी तीत आघाडीवर होते; हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यांना मिळाले आणि बाजार बंद पडला. परंतु त्या पिढीचे मोठेपण दंगलीत नव्हते. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरानजीक पांजरापोळ उभा राहिला. पुढे १८७४ साली प्राण्यांच्या छळास आळा घालणारी संस्था येथे स्थापन झाली, आणि परळ येथे पेटीट घराण्याच्या दानातून बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले. अगदी अलीकडे, २०२४ साली, टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय महालक्ष्मी येथे सुरू झाले. भांडणाचे उत्तर संस्थेने द्यावे, ही या शहराची रीत आहे. पांजरापोळाचा अर्थच मुळी असा की, ज्याला जनावर सांभाळणे शक्य नाही त्यास ते लाजेशिवाय आणून देता यावे. आज त्या पांजरापोळात मुख्यतः गाईगुरे आहेत. आजाऱ्यास रुग्णालयाचे दार आहे. पण निरोगी असून नकोशा झालेल्या कुत्र्यामांजरांसाठी, नागरिकाने दिवसाउजेडी ठोठवावे असे हक्काचे सार्वजनिक दार या महानगरात नाही.

जे आहे ते मूठभर माणसांच्या जिवावर चालले आहे. कोणी आपल्या दोन खोल्यांत सात मांजरे सांभाळतो. कोणी निवृत्तिवेतनातून कुत्र्यांची औषधे आणतो. काही खाजगी निवारे कर्जात बुडूनही दार बंद करीत नाहीत. यांना लोक टोपणनावे ठेवतात, आणि आपल्या घरचे जनावर नकोसे झाले की रात्री त्यांच्याच फाटकाला बांधून जातात. जखमी कुत्र्याला वाचविल्याचे चित्र समाजमाध्यमांवर हजारोंना आवडते. पण वाचविणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. खरे काम त्यानंतर सुरू होते. आणलेले पिल्लू काही दिवस निराळे ठेवावे लागते, कारण पार्व्होसारखा सांसर्गिक रोग एका पिल्लाबरोबर आत आला तर लस न टोचलेली सारी पिल्ले धोक्यात येतात, आणि तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो. मग लस, मग निर्बीजीकरण, मग त्याचा स्वभाव पारखणे: ते मुलांत रमते की बिचकते, एकटे राहू शकते की नाही, दुसऱ्या जनावरास सहन करते की नाही. आणि मग सर्वांत कठीण काम, त्याला साजेसे घर शोधणे.

घर मागणारे पुष्कळ येतात. प्राणीही पुष्कळ असतात. तरी दोघांची गाठ पडत नाही. मागणी असते ती पिल्लाची, तीही नामांकित जातीच्या. निवाऱ्यात असते ते सात वर्षांचे गावठी कुत्रे, किंवा एका डोळ्याने अधू मांजर, किंवा मार खाल्ल्याने हात उचलताच गुरगुरणारा अल्सेशियन. काही जण ‘मादीच द्या, पण शस्त्रक्रिया न केलेली’ असा आग्रह धरतात. त्यांच्या मनात घर नसून धंदा असतो, हे अनुभवी कार्यकर्ता तेव्हाच ओळखतो. म्हणूनच प्राणी देण्यापूर्वी निर्बीजीकरण करणे, घर पाहून येणे, घरातील प्रत्येकाची संमती विचारणे आणि पुढे महिनोन्महिने चौकशी ठेवणे भाग पडते. याला काही लोक जाचक अटी म्हणून नाके मुरडतात. परंतु घाईने दिलेले जनावर पंधरवड्यात परत येते, आणि दुसऱ्यांदा टाकलेल्याचा माणसावरचा विश्वास जोडणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असते. ज्या निवाऱ्यातून बाहेर पडण्याची वाट अरुंद, तो कितीही मोठा बांधला तरी भरतो. आणि भरलेला निवारा म्हणजे नव्याने येणाऱ्यास बंद असलेले दार. नोव्हेंबरच्या आदेशानुसार रस्त्यावरील कुत्र्यांसाठी निवाऱ्यांतील जागा लागणार असताना ही ओढाताण वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मग उपाय कोणता? पहिला उपाय विक्रीच्या ठिकाणी करावयाचा आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी २०१७ साली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधी २०१८ साली केंद्राने नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे त्यांत आहे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. ती बाजारात उतरलेली मात्र दिसत नाही. येथे आम्हांस एका विसंगतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेणाऱ्याने ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टच्या आदेशात म्हटले. उत्तम. पण करुणेने कुत्रे घरी नेणाऱ्यावर जे बंधन, ते हौसेने विकत घेणाऱ्यावर का नसावे? कुत्रा पाळण्यास महापालिकेचा परवाना लागतोच. त्या परवान्याबरोबर प्राण्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसविणे आणि तिच्यावर मालकाचे नाव नोंदणे सक्तीचे करावे. मांजरांनाही ते लागू करावे. पट्टा काढता येतो. ही खूण सहजासहजी काढता येत नाही. नाव सापडू लागले की दंडाला अर्थ येईल.

परंतु केवळ दंडाने हा प्रश्न सुटेल असे आम्ही मानीत नाही. टाकणे बंद करावयाचे तर सोपविणे शक्य केले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये पाळीव प्राण्यांपासून कोरोना पसरतो अशी अफवा उठली. तसा पुरावा नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगूनही अनेक शहरांतून प्राणी टाकल्याच्या तक्रारी आल्या. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने ‘हिंस्र’ म्हणून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री व पैदास रोखण्याविषयी राज्यांना पत्र धाडले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. अशा प्रसंगी गोंधळलेल्या मालकाने कोणाकडे जावे? महापालिकेने मोठ्या विभागांतून एकेक स्वीकृती केंद्र उघडावे. तेथे पाळीव प्राणी सोपविणाऱ्यावर खटला नसावा. ऐपतीप्रमाणे शुल्क असावे, आणि प्राण्याचे वय, सवयी व दुखणी यांची खरी माहिती देणे बंधनकारक असावे. ती माहिती नवे घर शोधताना सोन्याच्या मोलाची ठरते.

यावर आक्षेप येईल की, अशाने लोक बेजबाबदार होतील. नको झाले की केंद्रात नेऊन टाकतील. आक्षेप पोकळ नाही. परंतु जो मनातून जनावर टाकून चुकला आहे त्याच्यापुढे ‘सांभाळणे की सोपविणे’ असा पर्याय नसतोच. ‘सोपविणे की पुलाखाली सोडणे’ एवढाच असतो. शिवाय केंद्रात येणाऱ्या कित्येकांची अडचण समजुतीच्या चार गोष्टींनी, एखाद्या औषधाने किंवा गावाला जाताना पंधरा दिवसांच्या सांभाळाची सोय झाल्याने दूर होण्यासारखी असते. सोसायटीच्या दडपणाने कोणी आला असेल तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीस नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, हे त्यास सांगता येईल. त्याचबरोबर जिन्यातील घाण आणि रात्रीची भुंक यांविषयी शेजाऱ्याची तक्रार रास्त असू शकते, हेही मालकास तेथेच ऐकविता येईल.

या केंद्रांना मोठ्या इमारती नकोत. त्यांना घरे हवीत. नवे घर मिळेपर्यंत महिना-दोन महिने प्राणी सांभाळण्यास तयार असलेली निवृत्त माणसे आणि मुले मोठी झालेली कुटुंबे या शहरात काही थोडी नाहीत. त्यांना भीती असते ती औषधपाण्याच्या खर्चाची आणि जनावर कायमचे गळ्यात पडेल याची. पहिली भीती महापालिकेने लस, शस्त्रक्रिया व उपचार विनामूल्य देऊन घालवावी. दुसरी ठरलेल्या मुदतीचा लेखी करार करून. खाजगी निवाऱ्यांनी आपल्याकडील प्राण्यांची एकच सामाईक यादी ठेवली तर दादरला नको असलेले मांजर डोंबिवलीच्या घरास मिळू शकेल.

‘माणसांना घरे नाहीत तेथे कुत्र्यांची चिंता कसली?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या कळकळीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु झोपडीतल्या माणसाच्या तोंडचा घास कुत्र्याला द्या असे येथे कोणी म्हणत नाही. हा प्रश्न ज्यांना घरे आहेत त्यांनी निर्माण केला आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावर राहणारे देत आहेत. टाकलेल्या, निर्बीजीकरण न झालेल्या मादीला दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर रस्त्यावरच पिल्ले होतात. लशीची मुदत टळलेले कुत्रे चावले तर ते पदपथावर निजणाऱ्यास चावते, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यक जवळजवळ हतबल असते. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा कार्यक्रम देशाने २०२१ साली हाती घेतला. घराघरांतून रस्त्यावर जनावरांची भर पडत राहिली तर तो पार पडावयाचा कसा? स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून आत येण्यास धर्मराजाने नकार दिला, त्याचे कारण त्याने सांगितले ते हे की, आश्रयास आलेल्याचा त्याग हे मोठे पाप आहे. आपल्यापुढे स्वर्गाचे दार नाही, महापालिकेचे आहे. ते उघडावे यासाठी येत्या अर्थसंकल्पात टाकलेल्या पाळीव प्राण्यांसाठी एक स्वतंत्र तरतूद करावी, आणि निदान दोन विभागांत ही केंद्रे वर्षभर चालवून पाहावीत, अशी आमची नगरसेवकांस सूचना आहे. आणि ज्या नागरिकाच्या मुलाने आज पिल्लाचा हट्ट धरला असेल, त्याने होकार देण्यापूर्वी त्या मुलाबरोबर एखाद्या निवाऱ्यात तासभर बसून यावे. पिल्लू आणावे की नाही, हे त्या दोघांनी मग ठरवावे.